गालाच्या हाडाचा आधार

झायगोमा इम्प्लांट बसवलेल्या माणसाचा ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा सलग एक्स-रे, पहिल्यांदा बघणारा दचकतो. नेहमीचे इम्प्लांट फिल्मवर कसे दिसतात? दाताच्या मुळाच्या जागी, मुळाएवढेच, दहा-बारा मिलिमीटर लांबीचे आणि बहुधा उभे. इथे मात्र वरच्या जबड्यातून दोन्ही बाजूंना लांबलचक पांढऱ्या रेषा निघतात, सायनसच्या काळ्या पोकळीच्या कडेने तिरप्या वर चढतात आणि डोळ्याच्या खोबणीच्या बाहेरच्या अंगाला, गालाच्या उंचवट्यात जाऊन थांबतात. एकेक रेषा 30 ते 50 मिलिमीटरची. सोबत आलेली मुलगी किंवा सून हमखास विचारते, "डॉक्टर, एवढा मोठा स्क्रू? आणि तोही तोंडात?"

प्रश्न रास्त आहे. पण ही फिल्म घाईने पाहायची नसते. मी कवळ्या आणि पक्के दात करणारा दंतवैद्य आहे. शस्त्रक्रिया सर्जन करतात, त्यावर दात मी उभे करतो. गवंड्याचं काम सुतार ज्या नजरेनं पाहतो, त्या नजरेनं मी या रेषा वाचतो, आणि आमच्या क्षेत्रात याहून देखणी रचना मला माहीत नाही. तिचं देखणेपण एका गोष्टीत आहे: जे हाड गेलं त्याच्यासाठी ती अडून बसत नाही, जे हाड जाणार नव्हतं ते ती नेमकं शोधून काढते.

आधी गेलेल्या हाडाविषयी. जबड्याचं हाड एकजिनसी नसतं. दातांची मुळं ज्या कडेत रुतलेली असतात ती कड दातांसाठीच घडते आणि दातांसाठीच जगते. चावताना मुळांतून जो ताण हाडापर्यंत पोचतो, तेच तिचं खाद्य. दात काढले की ताण थांबतो आणि कड झिजायला लागते. पहिल्या वर्षात सगळ्यांत वेगाने, पुढे संथपणे, पण जन्मभर. 1972 साली आन्त्ये टालग्रेन यांनी पूर्ण कवळी वापरणाऱ्या माणसांचा पंचवीस वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. खालच्या जबड्याच्या पुढच्या भागाची झीज वरच्यापेक्षा सुमारे चौपट असते, हे त्यांनी दाखवलं. 1988 साली कॉवूड आणि हॉवेल यांनी या झिजेचे सहा वर्ग पाडले. तिसऱ्या वर्गात कड गोल आणि भक्कम असते, चौथ्यात ती सुरीच्या पात्यासारखी धारदार होते, पाचव्यात सपाट होते आणि सहाव्यात सपाटीचाही खड्डा होतो. चौथ्या वर्गाचा माणूस म्हणतो, कवळी टोचते. पाचव्याचा म्हणतो, कवळी हलते. सहाव्याचा माणूस कवळी डबीत ठेवून देतो आणि भाकरी दुधात कुस्करून खातो. पेरू, शेंगदाणे, हुरडा यांची तो आठवणही काढत नाही.

वरच्या जबड्यावर तर दोन्हीकडून चाल होते. खालून कड झिजते आणि वरून सायनसची पोकळी खाली उतरते. दाढा गेल्या की सायनसचा तळ आणि हिरडी यांच्यात काही वेळा दोन-तीन मिलिमीटर हाड उरतं, काही वेळा कागदाएवढं. अशा माणसाला कुणीतरी कधीतरी सांगितलेलं असतं, "तुमच्याकडे हाडच नाही, इम्प्लांट होणार नाही." या वाक्यातला पहिला भाग बहुधा खरा असतो. दुसरा आता बराचसा जुना झाला आहे.

हाड नसेल तर ते आणून भरा, हे सरळ उत्तर. सायनस लिफ्ट ही त्यातली सुंदर शस्त्रक्रिया. अमेरिकेत हिल्ट टेटम यांनी 1970 च्या दशकात ती विकसित केली, 1980 मध्ये बॉइन आणि जेम्स यांनी ती छापून मांडली. सर्जन हिरडी उचलतो आणि सायनसच्या बाहेरच्या भिंतीवर गोलसर खिडकी कोरू लागतो. हाड पातळ होत जातं तशी खालून निळसर झाक दिसायला लागते. तिथे हात हलका होतो. ती निळसर झाक म्हणजे सायनसचं अस्तर. अंड्याच्या कवचाला आतून चिकटलेल्या पापुद्र्याइतकं नाजूक, बहुतेकांत मिलिमीटरभरही जाड नाही. खिडकी मोकळी झाली की ते अस्तर रुग्णाच्या श्वासाबरोबर हलताना दिसतं, आत-बाहेर, आत-बाहेर. ते हलतंय याचा अर्थ ते फाटलेलं नाही, आणि खोलीतल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. मग वाकड्या बोथट हत्यारांनी ते तळावरून अलगद सोडवत वर उचलायचं आणि खाली मोकळ्या झालेल्या जागेत हाडाची भुकटी भरायची: रुग्णाच्या स्वतःच्या हाडाची किंवा प्रक्रिया केलेल्या गाईच्या हाडाची. त्यातून नवं हाड घडायला सहा ते नऊ महिने लागतात. एक-दोन दाढांच्या जागेपुरतं काम असेल तर मी आजही आधी हाच मार्ग सुचवतो.

पण संपूर्ण वरचा जबडाच पाचव्या-सहाव्या वर्गात गेला असेल तर भुकटी पुरत नाही. तिथे कंबरेच्या हाडाचा तुकडा काढून जबड्यावर स्क्रूने बसवायचा, अशी पद्धत अनेक वर्षं होती आणि अजूनही आहे. त्यासाठी पूर्ण भूल, इस्पितळातला मुक्काम, काही दिवस लंगडत चालणं, मग कित्येक महिन्यांची वाट, आणि इतकं करून बसवलेल्या तुकड्यातला काही भाग विरघळून जाण्याची शक्यता. सत्तरीच्या माणसाला हे सांगताना माझी जीभ अडखळते.

दुसरं उत्तर वेगळ्या डोक्यातून आलं: जबड्यात जिथे हाड आहे तिकडे इम्प्लांट वळवा. लिस्बनच्या पाउलो मालो यांनी 2003 मध्ये खालच्या आणि 2005 मध्ये वरच्या जबड्यासाठी जी पद्धत मांडली, ती ऑल-ऑन-फोर या नावाने जगभर पसरली. पुढे दोन इम्प्लांट सरळ, मागे दोन तिरपे. मागचे दोन सायनसच्या पुढच्या भिंतीला समांतर जातात, त्यामुळे सायनसला हातही लावावा लागत नाही आणि तोंडात त्यांची डोकी मात्र मागे, दाढांच्या जवळ निघतात. तिरपेपणाचा हा उपयोग फार हुशारीचा. पण त्यासाठी सुळ्यापासून सुळ्यापर्यंतच्या पट्ट्यात पुरेसं हाड लागतं. तेही नसेल तर?

इथे पर-इंगवार ब्रोनेमार्क यांच्याकडे जावं लागतं. 1952 साली स्वीडनमधल्या लुंड इथे ते हाडातल्या रक्तप्रवाहाचा अभ्यास करत होते. सशाच्या पायाच्या हाडात त्यांनी टायटॅनियमचा निरीक्षणकक्ष बसवला. प्रयोग संपल्यावर तो काढायला गेले तर निघेना, हाड आणि धातू एकजीव झाले होते. या घटनेचा पुढे इतका उपयोग झाला की ती आता दंतकथेसारखी सांगितली जाते. मला त्याहून थोर वाटतो तो त्यानंतरचा धीर. पहिल्या माणसाच्या तोंडात इम्प्लांट बसवायला त्यांनी 1965 साल उजाडू दिलं. येस्ता लार्सन हे ते पहिले रुग्ण, जन्मजात जबड्याच्या व्यंगाचे. 2006 साली लार्सन वारले तोवर, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ, ते इम्प्लांट त्यांच्या खालच्या जबड्यात काम करत होते. हाडाला इजा न करता काम करण्यावर ब्रोनेमार्क यांचा कटाक्ष होता. पुढे त्यांच्याच परंपरेतल्या संशोधकांनी दाखवलं की ड्रिलच्या घर्षणाने हाड मिनिटभर 47 अंशांवर तापलं तरी त्याच्या भरून येण्याला बाधा येते. आज ड्रिलबरोबर सलाइनची धार चालू असते ती म्हणूनच.

1980 च्या दशकाच्या अखेरीस याच ब्रोनेमार्क यांनी झायगोमा, म्हणजे गालाचं हाड, आधार म्हणून निवडलं. आधी कॅन्सर किंवा अपघातात वरचा जबडा गमावलेल्या माणसांसाठी, मग हाड झिजलेल्यांसाठी. ही निवड मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत रसिक निवड वाटते. कारण गालाच्या हाडाला दाढांचा भार नवा नाही. चेहऱ्याच्या सांगाड्यात चावण्याचा जोर कवटीकडे पोचवणारे ठरलेले खांब आहेत: एक सुळ्याच्या वर नाकाच्या कडेने जाणारा, एक पहिल्या दाढेवरून गालाच्या हाडात चढणारा, एक अगदी मागचा. तरुणपणी घास चावताना दाढेवरचा जोर याच मधल्या खांबातून वर जात होता. दाढा गेल्या, दाढांची कड गेली, खांबाचा वरचा भाग जिथल्या तिथे राहिला. तो का राहिला? कारण तो दातांवर जगत नव्हता. चावण्याचा सर्वांत जोरकस स्नायू, मॅसेटर, गालाच्या हाडालाच धरून खाली जबड्याकडे उतरतो. दात दातांवर घट्ट दाबून गालावर बोट ठेवा, फुगतो तो हाच. माणूस बोळका झाला तरी हा स्नायू दिवसभर त्या हाडाला ओढत राहतो आणि ओढलं जाणारं हाड टिकतं. ब्रोनेमार्क यांनी नवा खांब उभारला नाही. जुन्या खांबाचा तुटलेला खालचा भाग टायटॅनियमने पुन्हा जोडून दिला.

आता ती पांढरी रेषा पुन्हा वाचू या, खालून वर. सुरुवात दुसऱ्या उपदाढेच्या किंवा पहिल्या दाढेच्या जागी. इम्प्लांटचा सोट इतका तिरपा आहे की त्याचं तोंड सरळ ठेवलं असतं तर ते टाळूच्या दिशेने निघालं असतं आणि त्यावर दात बसवताच आले नसते. म्हणून मूळ रचनेत डोकं 45 अंशांनी वळवलेलं आहे: सोट गालाकडे, डोकं खालच्या दातांकडे. त्या छोट्याशा वळणाला मी मनापासून दाद देतो. सर्जनची सगळी कसरत आणि माझं सगळं काम यांची गाठ त्या 45 अंशांत बांधलेली आहे. मग सोट वर जातो. इथे सर्जनला वाटेवर फारसं काही पकडायला नसतं. हिरडीची झडप गालाच्या हाडापर्यंत उचललेली असते, हाडाच्या वरच्या खाचेत एक रिट्रॅक्टर अडकवलेला असतो. तो एकाच वेळी दिशा दाखवतो आणि डोळ्याच्या खोबणीचं रक्षण करतो. ड्रिल त्या टोकाकडे रोखायचा. 50 मिलिमीटरच्या वाटेवर सुरुवातीला तीन अंशांची चूक झाली तर टोकाशी ती अडीच मिलिमीटरहून मोठी होते, आणि त्या टोकाशी एका अंगाला डोळा आहे. म्हणून हे काम रोज इम्प्लांट टाकणाऱ्या प्रत्येकाचं नाही. आता संगणकाच्या पडद्यावर ड्रिलचं टोक दाखवणारी नेव्हिगेशन यंत्रं आहेत, त्यांनी मदत होते. हाताची सवय मात्र हाताचीच.

टोक गालाच्या हाडाच्या बाहेरच्या कठीण थरात रुततं आणि पिळाचा जोर 35 न्यूटन-सेंटिमीटरच्या वर गेला की सर्जनच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो. एवढी पकड मिळाली तर त्याच दिवशी किंवा दोन-तीन दिवसांत तात्पुरते पक्के दात देता येतात. पुढच्या भागात हाड असेल तर दोन झायगोमा आणि पुढे दोन ते चार साधे इम्प्लांट. तिथेही नसेल तर दोन्ही बाजूंना दोन-दोन, म्हणजे चार झायगोमा. आणि मग माझी पाळी. सगळी डोकी एका ताठ धातूच्या पट्टीने एकमेकांना जखडायची, हा इथला अलिखित कायदा नसून अट आहे. एकटा लांब सोट बाजूच्या जोराने वाकू पाहतो, एकत्र बांधलेले चार एकमेकांना सावरतात. माझ्या पट्टीत कुठे ताण राहिला, ती एखाद्या डोक्यावर केसभर अधांतरी बसली, तर सर्जनच्या उत्तम कामाची माती होते.

मूळ पद्धतीत एक उणीव होती आणि ती मराठी कानाला पटकन कळते. सोट सायनसच्या आतून न्यायचा म्हणून डोकं टाळूच्या बाजूला निघायचं, त्यामुळे दातांची पट्टी आतून जाड व्हायची. जिभेचं टोक जिथे टेकायला जायचं तिथे प्लॅस्टिक. दात लावून पाहताना मी रुग्णाला 'चमचा' आणि 'जहाज' म्हणायला सांगतो. हे उच्चार साफ आले तर त-थ-द-ध सहसा आपोआप येतात. जाड पट्टीत ते येत नाहीत. बार्सिलोनाच्या कार्लोस अपारिसियो यांनी यावर मोलाचं काम केलं. प्रत्येकाच्या जबड्याची बाहेरची भिंत किती आत वळलेली आहे ते पाहून सोट सायनसच्या आतून न्यायचा, भिंतीतून की भिंतीच्या बाहेरून, हे ठरवायचं, म्हणजे डोकं जिथे दात असायला हवा तिथेच निघतं. एकच ठरलेली वाट सगळ्यांवर लादण्यापेक्षा चेहऱ्याला विचारून वाट आखणं, हा या शैलीचा प्रौढ टप्पा.

दोष सांगितल्याशिवाय रसग्रहण पुरं होत नाही. अनेक अभ्यासांत झायगोमा इम्प्लांट टिकण्याचं प्रमाण 95 टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून वर आहे, पण टिकणं आणि त्रास न होणं वेगळं. सायनसची सूज ही याची सर्वांत नेहमीची तक्रार, कधी वर्षांनंतरही उद्भवणारी. सोट भिंतीच्या फार बाहेर गेला तर वरची हिरडी मागे सरून धातू उघडा पडतो. काहींना डोळ्याखालच्या गालाला बधिरपणा राहतो. आणि एक झायगोमा इम्प्लांट अपयशी ठरला तर तो काढणं साध्या इम्प्लांटइतकं सोपं नसतं. हे सगळं सही घेण्याआधी सांगितलं गेलं पाहिजे, सही घेताना घाईघाईत वाचून दाखवणं म्हणजे सांगणं नव्हे.

महाराष्ट्राला या शस्त्रक्रियेची खरी ओळख 2021 नंतर झाली. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर काळ्या बुरशीने, म्युकरमायकोसिसने, शेकडो घरांत वरचे जबडे नेले. जीव वाचावा म्हणून टाळूसकट जबडा काढावा लागला. अ‍ॅम्फोटेरिसिन या बुरशीनाशक औषधाच्या कुप्यांसाठी नातेवाइकांनी केलेली धावपळ सगळ्यांनी पाहिली, नंतरची वर्षं कमी लोकांनी पाहिली. पाणी प्यायलं की नाकातून येतं, बोललेलं घरच्यांनाच कळतं, चारचौघांत जेवायला बसणं बंद. यांच्यातले कित्येक चाळिशी-पन्नाशीचे कमावते लोक होते. त्यांच्यात कंबरेचं हाड बसवायला खालची जमीनच नव्हती. बुरशी पूर्ण गेल्याची खात्री कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून करून घेतल्यावर, आणि गालाचं हाड स्वतः निरोगी आहे हे स्कॅनवर पाहून, अनेकांना झायगोमाच्या आधारावर टाळू आणि दात मिळाले. ब्रोनेमार्क यांनी जबडा गमावलेल्यांसाठी योजलेली ही गोष्ट इथे पुन्हा आपल्या मूळ कामाला लागली. दात बसवल्यावर माझ्या एका रुग्णाने सगळ्यांत आधी आरशात पाहिलं नाही. त्याने पेलाभर पाणी मागितलं आणि खुर्चीत बसूनच ते सगळं प्यायला. थेंबही नाकातून आला नाही.

एवढं कौतुक करून सांगतो की खालच्या जबड्याला यातलं काहीच लागत नाही. तिथे झीज चौपट असली तरी हनुवटीमागचं हाड, दोन्हीकडच्या नसा जिथून बाहेर पडतात त्यांच्या मधलं, बहुतेकांत उरतं. "डॉक्टर, बोलताना खालची कवळी उडते हो, नातवंडं हसतात," असं सांगणाऱ्या आजींना तिथे दोन साधे इम्प्लांट आणि त्यावर बटणासारखी टक्कन बसणारी कवळी पुरते. 2002 साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी दातहीन खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय ठरवला. कमी खर्च, छोटी शस्त्रक्रिया, कवळी काढून धुता येते. कमीत कमी साधनांत पुरेपूर परिणाम ही जर कलेची कसोटी असेल तर हे काम झायगोमाच्या मागे नाही.

बाकीच्या पद्धतींविषयी थोडक्यात. हिरडीखाली हाडावर टेकवायची धातूची चौकट स्वीडनच्या गुस्ताफ डाल यांनी 1940 च्या दशकात आणली. ती पुढे हाडात खचायची, पिकायची, म्हणून मागे पडली. आता सीटी स्कॅनवरून त्या त्या माणसासाठी टायटॅनियममध्ये छापलेली आणि स्क्रूने पक्की केलेली चौकट परत आली आहे. काम देखणं आहे, पण तिच्यामागे लार्सन यांच्यासारखी चाळीस वर्षं अजून नाहीत. आणि 'तीन दिवसांत पक्के दात, हाड नसलं तरी चालेल' अशा जाहिरातींतून विकले जाणारे एकसंध बेसल इम्प्लांट: योग्य हातांत आणि योग्य जबड्यात ते चालतात, पण जबडा न पाहता दिवस मोजून देणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

तुमच्या घरात कुणाला "हाड नाही, काही होणार नाही" असं सांगितलं गेलं असेल तर तिथे थांबू नका. सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, करून घ्या, तो घेऊन तोंडाच्या शस्त्रक्रियेचे तज्ज्ञ आणि दात बसवणारे तज्ज्ञ अशा दोघांनाही भेटा, आणि दोघांनी एकत्र बसून योजना आखावी असा आग्रह धरा. हाडं ठिसूळ झाल्याबद्दल आठवड्याची गोळी किंवा वर्षाचं इंजेक्शन चालू असेल, किंवा कॅन्सरसाठी हाडांचं औषध घेतलं असेल, तर ते विचारायच्या आधी सांगा. त्या औषधांवर असताना शस्त्रक्रिया केली तर जबड्याचं हाड सडण्याचा धोका असतो. साखर आटोक्यात आणा. तंबाखू आणि मिसरी बंद करा, शस्त्रक्रियेपुरती नव्हे, कायमची.